तीन खुंटांचा शब्द

“तुम्ही काय करता?” असं कुसुम मॅडमनी विचारलं आणि मी “काही नाही, घरीच असते” म्हणाले. तिथंच चुकलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि सगळ्या वर्गासमोर मला म्हणाल्या, “काकू, सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय काय केलंत, सांगा बरं.” मी आपली सांगायला लागले. पाणी भरलं, दूध तापवलं, ह्यांच्या गोळ्या काढून दिल्या, कणीक भिजवली, गच्चीवरची कुरडई उलटली. एकेक क्रियापद त्या फ्रेंचमध्ये फळ्यावर मांडत गेल्या. फळा भरला आणि मी अजून सकाळच्या अकरापर्यंतच पोचले होते. “हे काही नाही का?” त्या म्हणाल्या. “माझ्या वर्गात ‘घरीच असते’ म्हणायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते म्हणा.”

मी साठीला आलेली बाई. नगरच्या सावेडीत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, तिथं कॅनडाला जायच्या तयारीतली पोरंपोरी आणि त्यांच्या मधोमध मी, पर्स मांडीवर घेऊन. माझी लेक फ्रान्समध्ये ल्यों शहरात असते. नातू तिथलाच. फोनवर तो घडाघडा फ्रेंच बोलायचा आणि मी नुसती मान हलवायची. शेवटी म्हटलं, मेलं शिकूनच टाकू. घरात सगळ्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली, आणि मला असं कोणी चिडवलं की मी ती गोष्ट करतेच.

मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. रंग रापलेला, आवाज दणदणीत, डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं वाळलेला. एका पायात नेहमीची चप्पल आणि दुसऱ्यात चांभाराकडून बनवून घेतलेली जाड तळव्याची. जिना चढताना त्यांची चाहूल लागायची, एक पाऊल जोरात, एक हळू. चहात तीन चमचे साखर घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, जरा बेतानं.” तर म्हणाल्या, “आमच्या घरच्यांनी तोडलेली आहे काकू, सोडू कशाला?” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या ऊसतोडीवाल्यांच्या घरातल्या.

त्यांचं गाव जामखेडच्या पलीकडचं, कोरडं. नाव मुद्दाम लिहीत नाही. दसरा झाला की अर्धं गाव तोडीला जायचं आणि उन्हाळा लागता लागता परत यायचं. घरात दोन मुली, मोठी कुसुम आणि धाकटी छबू. शहरातल्या एका वसतिगृहात एक जागा मिळत होती. “जागा एक होती,” मॅडम सांगायच्या, “आणि माझा पाय अधू. सरीतून चालता येत नाही, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढता येत नाही. मग मला फडात नेऊन करायचं काय? म्हणून मी शिकले. छबूचे दोन्ही पाय धड होते.” हे त्या इतक्या सहज सांगायच्या की ऐकणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हायचं. वसतिगृहातल्या एका परदेशी सिस्टरनी त्यांना फ्रेंच शिकवलं. पुढं पुण्याला पदवी झाली. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज त्यांनी एकटीनं पुस्तकांवरून शिकून घेतल्या. रुमानियन भाषेचा एक जाडजूड कोश होता, त्याला त्या वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या.

शब्द आला की अर्थ सांगून त्या थांबत नसत. “सासर कळलं, आता माहेर विचारा,” हे त्यांचं पालुपद. शब्द आज कुठं नांदतो ते सासर आणि जिथून निघाला ते माहेर. कॅनडावाल्या पोरांना त्यात काडीचा रस नव्हता, त्यांना परीक्षेचे गुण हवे होते. मला मात्र भारी मजा यायची. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात ‘त्राव्हाय’ हा शब्द आला. त्राव्हाय म्हणजे काम. रोजचा, साधा, तोंडी बसलेला शब्द. मॅडमनी फळ्यावर तीन उभ्या रेघा ओढल्या आणि खाली जमीन काढली.

“हे तीन खुंट,” त्या म्हणाल्या. “जुन्या लॅटिनमध्ये त्रिपालियुम. तीन खुंट ठोकायचे आणि त्यांना माणूस बांधून छळायचा. त्यातून फ्रेंचांचं त्राव्हाय आलं, स्पॅनिशांचं त्राबाखो आलं, पोर्तुगीजांचं त्राबाल्यो आलं. आज तिथले लोक सकाळी डबा घेऊन त्याच शब्दाला जातात.” मग गाडी इटलीकडे वळली. इटालियन लोक कामाला लाव्होरो म्हणतात, त्याचं माहेर लॅटिनमधल्या कष्टाच्या शब्दात आहे. पण तीन खुंटांचा शब्द त्यांनीही टाकला नाही, त्राव्हाल्यो म्हणून यातनांसाठी ठेवला. रुमानियन लोक कामाला मुंका म्हणतात. तो शब्द त्यांनी शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून घेतला आणि तिकडं त्याचा अर्थ छळ. “म्हणजे बघा, घर वेगळं, आई वेगळी, आणि नशीब तेच.”

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, “मॅडम, हे नक्की का?” मॅडम खूश झाल्या. “बहुधा. काही अभ्यासक ही तीन खुंटांची गोष्ट मानत नाहीत, वेगळी वाट सांगतात. बहुधा म्हणायला लाजू नका. नक्की म्हणायला लाजा.” आणि त्यांचा आणखी एक नियम होता. त्या शिकवताना चुकल्या तर जो हात वर करील त्याला त्या दिवशी फळा पुसायची माफी. पोरं टपून बसायची. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कुणाचा तरी हात वर जायचा आणि मॅडम स्वतः फळा पुसायच्या, अगदी आनंदानं.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यात फक्त या एका शब्दाचा संसार. फ्रान्समध्ये घोड्याला किंवा बैलाला नाल ठोकताना तो उधळू नये म्हणून लाकडी चौकटीत बांधतात, त्या चौकटीलाही त्राव्हायच म्हणतात, हे त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं. त्याच्या खाली मराठीत दोन ओळी होत्या. लहानपणी दसऱ्याच्या आधी वडील बैलांना नाल ठोकून घ्यायचे. बैलाचे पाय बांधून त्याला आडवं पाडायचे, तो डोळे पांढरे करायचा, आणि छबू त्याच्या तोंडावर हात फिरवत बसायची. आणखी एक पान होतं बाळंतपणाचं. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, तिन्ही भाषांत प्रसूतीच्या कळांना कामाचाच शब्द आहे, इटालियनमध्ये यातनांचा. फ्रान्समधल्या दवाखान्यात कळा देण्याच्या खोलीला ‘कामाची खोली’ म्हणतात. त्या पानावर मराठीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

“आपल्या ‘काम’चं माहेर काय हो?” मी एकदा विचारलं.

“करणं,” त्या म्हणाल्या. “नुसतं करणं. कर्म, कम्म, काम. आपला शब्द धुतल्या तांदळासारखा आहे काकू. त्यानं कुणाला बांधलं नाही, कुणाला मारलं नाही. त्यामुळे आपल्याला कधी संशयच येत नाही.”

एका दिवाळीत म्हणे त्यांनी ही तीन खुंटांची गोष्ट बहिणीला सांगितली होती. छबू फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आन हे तुला फ्रान्समधून कळालं व्हय?” हा किस्सा मॅडम वर्गात दरवर्षी सांगायच्या आणि स्वतःच मोठ्यानं हसायच्या. “वीस वर्षं कोश चाळून मी जे आणलं, ते तिला बांधावर बसून माहीत होतं.”

माझं शिकणं चौथ्या वर्षात गेलं. पोरं कॅनडाला पोचली, काही परतही आली, मी तिथंच. आता नातवाला रागावता येईल एवढं फ्रेंच मला येत होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका परदेशी संस्थेच्या तीन बायका ऊसतोड करणाऱ्या बायकांना भेटायला आल्या. फ्रेंच बोलणाऱ्या. दुभाषी म्हणून मॅडमना विचारलं. गाव नेमकं त्यांचंच निघालं. मॅडम मला म्हणाल्या, “काकू, चला सोबत. पाय आता फार दुखतो, आणि तुमचा कानही तयार होईल.” मी पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि थालीपीठं भरून निघाले. मला वाटलं, सहल आहे.

शाळेच्या एका खोलीत सतरंजीवर वीस-बावीस बायका बसल्या होत्या. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, हे त्या दिवशी त्या पाहुण्यांना समजावताना मॅडमची दमछाक झाली. दोन माणसं आणि मोजायची एक. बाई एक दिवस बसली की नवऱ्याचाही दिवस बुडतो, कारण अर्धा कोयता कुणी फडात घेत नाही. त्याला खाडा म्हणतात. पाळी आली, अंगावरून गेलं, दिवस राहिले, काहीही झालं तरी खाडा नको. मुकादम बोलतो, टोळी बोलते, शेवटी नवराही बोलतो. मग कुठला तरी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटली. त्या खोलीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. कुणी पंचविशीची, कुणी तिशीची. त्या हे सांगत होत्या आणि मधूनच एकमेकींना डास मारून देत होत्या. मी थालीपीठांची पिशवी पायामागं सरकवली.

मग छबूची पाळी आली. मॅडमची धाकटी बहीण, पण बघणारा तिला मोठी म्हणेल. पाठीत वाक, केस विरळ. पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ही दुभाषी बाईंची बहीण आहे. मॅडमनी सांगितलं नाही म्हणून छबूही बोलली नाही. ती म्हणाली, “मला सव्विसावं चालू हुतं. सा म्हैने अंगावरून जात हुतं. डाक्टर म्हनला, पिशवीला सूज हाय, पुढं क्यान्सर व्हईल, काढून टाक. ह्ये म्हनले नगं. लेकरू एकच हाय, नगं म्हनले. दोन दिस आमी भांडलो. मंग मी म्हनले, आक्काला इचारू. आक्का शिकलेली हाय. फोन लावला. आक्का म्हनली, डाक्टर म्हणतात तर काढून टाक. मंग काढली. तवापासून हाडं दुखत्यात. झोप न्हाई.”

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. सव्विसावं वर्ष, सहा महिने, सूज, कॅन्सरची भीती, हाडांचं दुखणं. शब्दाला शब्द. फक्त मधल्या जागी त्या म्हणाल्या, “तिनं घरच्यांना विचारलं आणि घरच्यांनी होकार दिला.”

माझा कान खरंच तयार झाला होता. मला ते बरोबर ऐकू आलं. नवऱ्याचं ‘नको’ गेलं, दोन दिवसांचं भांडण गेलं, फोन गेला आणि आक्का गेली. चष्मेवाल्या पाहुणीनं लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, “घरच्यांपैकी कोणी?” मॅडम बहिणीकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, “आणखी काही सांगायचंय का, विचारतायत.” छबू त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “न्हाई. आक्का, माझं समदं सांगितलंस का?”

“हो. सगळं.”

वर्गात मी हात वर केला असता. तिथं केला नाही. वीस बायका बसल्या होत्या, परक्या बायका समोर होत्या, माझी मॅडम होती. मी पाण्याच्या बाटल्या वाटायला उठले.

परतीची गाडी कडा गावाच्या पुढं आली. मग मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “काकू, चूक काढा.”

“मला काय कळतंय,” मी म्हटलं.

“कळलंय तुम्हाला.” थोड्या वेळानं त्या पुढं म्हणाल्या, “तिचा फोन आला तेव्हा माझा तास सुरू व्हायचा होता. पोरं दारात उभी होती. मी दोन मिनिटंही बोलले नाही. कोणता डॉक्टर, काय तपासण्या केल्या, दुसऱ्या कुणाला दाखवलं का, काही विचारलं नाही. तिचा नवरा, अंबादास, नको का म्हणतोय तेही नाही. एका शब्दाच्या माहेरासाठी मी सहा-सहा कोश बघते. त्या दिवशी बहुधा म्हणाले नाही काकू मी. काढून टाक म्हणाले.” आमच्यात ‘होतं असं’ म्हणायची पद्धत आहे, ते मी म्हणाले. आणि मला माझीच लाज वाटली.

सव्वा वर्षानं त्या संस्थेचा अहवाल आला. फ्रेंचमध्ये. तो मराठीत करून गावोगाव वाटायचा होता, आणि मराठी करायला त्यांनी पाठवला मॅडमकडे. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एक पान पुढं केलं. नाव बदललेलं होतं, पण छबूचा आणि अंबादासचा फोटो होता, दारात उभे असलेले. कोणी काढला होता कोण जाणे. खाली लिहिलं होतं, नवऱ्यानं निर्णय घेतला आणि तिला तो मान्य करावा लागला.

“मी ‘घरचे’ म्हणाले,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी घरचे म्हणजे नवरा धरला. कुणीही धरेल. आता हे मी माझ्या हातानं मराठीत लिहायचं, आणि ते त्याच्याच गावात वाटायचं.” खोलीत पंखा फिरत होता, फळ्यावर कुठलंसं क्रियापद अर्धवट पुसलेलं होतं. “एकटा माणूस होता तो, जो नको म्हणाला. एकटा.”

दसरा चार दिवसांवर होता. आम्ही दोघी एसटीनं गावी गेलो. अंगणात पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, ताडपत्री, कोंबड्यांची डालगी, सगळं बाहेर मांडलेलं. अंबादास दोरखंड सोडवत होता. उंच, अबोल माणूस, मॅडमना बघून त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. मॅडम खाटेवर बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी ते पान मराठीत सांगितलं आणि मग म्हणाल्या, “हे खोटं माझ्यामुळे झालं. त्या दिवशी शाळेत छबू जे बोलली ते मी सगळं सांगितलं नाही.”

छबू भांडी फडक्यात बांधत होती. तिनं गाठ मारली. “मला ठावं हुतं.”

“कसं?”

“म्या यवढं बोलले आन तू यवढंच बोलली. आन त्यात आक्का कुटंच न्हाई. आगं, आक्का तर आक्काच म्हननार ना त्यांच्या भाषेत बी? मी ऐकत हुते.” ती हसली नाही. “मानसांत तुझं हसं नगं म्हनून गप बसले.”

मॅडम तिच्या जवळ गेल्या. “आणि पिशवीचं? ते मला माफ करशील?”

“माफ केलंय का न्हाई ते मला ठावं न्हाई. इचार करायला येळ कुठं हाय? परवा गाडी भरायची हाय.”

तेवढ्यात अंबादास बोलला. दोरखंड हातातच होतं. “ऱ्हाऊ द्या ना आक्का. माझं लिव्हलंय तर ऱ्हाऊ द्या माझंच. तुमाला शेरात लोकं वळखत्यात. पोरं शिकायला येत्यात. मला कोन वळखतंय? ऊस तोडायला चांगलं नाव लागत न्हाई.”

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना त्या दिवशीच बघितलं. छबूनं पाणी आणून दिलं आणि परत भांडी बांधायला लागली.

नगरला येऊन त्यांनी अहवाल मराठीत केला. त्या पानावर त्यांनी खाली टीप घातली. नवरा विरोधात होता, निर्णय बहिणीनं सांगितला, ती बहीण म्हणजे या पुस्तिकेची अनुवादक, आणि दुभाषी म्हणूनही तिनंच हे लपवलं. पुढं स्वतःचं पूर्ण नाव. संस्थेचं उत्तर फार सभ्य होतं. मूळ मजकुराशी न जुळणारी टीप अनुवादकाला घालता येत नाही, शिवाय फ्रेंच आवृत्ती आधीच प्रसिद्ध झाली आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पुस्तिका टीप न घेता छापली गेली. गठ्ठे थेट गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत जाऊन पडले.

मग मॅडमनी सुरू केलं ते वेडच. काळी जाड शाईची पेनं घेतली आणि शनिवार-रविवार एसटीनं त्या गावांना जायला लागल्या. गावं त्या दिवसांत रिकामी, म्हातारी माणसं आणि लहान पोरं फक्त. शिपायाला शोधायचं, कपाट उघडायला लावायचं, गठ्ठा सोडायचा. प्रत्येक प्रतीत त्या पानावर ‘नवऱ्यानं’ खोडायचं आणि वर लिहायचं, ‘बहिणीनं, कुसुमनं’. मी दोनदा गेले सोबत. एका ग्रामसेवकानं विचारलं, “मॅडम, हे वाचतंय कोण? कशाला जिवाला त्रास?” त्या म्हणाल्या, “मीच वाचतेय.” मी त्यांना सांगितलं, ओरडले, पाय बघा तुमचा, सुजलाय केवढा, उन्हाळ्यात जाऊ, गाडी करून जाऊ. “उन्हाळ्यात गाव परत येतं काकू,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आत व्हायला हवं.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मला जामखेडहून फोन आला. स्टँडवरच्या कंट्रोलरचा. बाकड्यावर बसलेल्या बाई एकाएकी कलंडल्या, मोबाईलमध्ये शेवटचा नंबर तुमचा आहे. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पिशवीत पुस्तिकांचा एक न सोडलेला गठ्ठा होता, पाण्याची बाटली, दोन पेनं. मी त्या बाकड्यावर बसून राहिले आणि आमचे हे गाडीत बसून रडत होते, ज्यांनी माझ्या फ्रेंचची सगळ्यात जास्त थट्टा केली होती.

छबू तेव्हा दूर कुठल्याशा कारखान्याच्या फडात होती. निरोप मिळाला, पण कारखान्याला ऊस द्यायची पाळी लागलेली, टोळीनं सोडलं नाही. दहाव्याला दोघं आली. विधी आटोपल्यावर मी त्यांना वर वर्गाच्या खोलीत घेऊन गेले. मॅडम शनिवार-रविवारी कुठं जायच्या, काय करायच्या, ते सगळं सांगितलं. दुरुस्त केलेली एक प्रत माझ्याकडे होती, ती दाखवली. अंबादासनं ती हातात घेतली. त्याला अक्षरओळख होती, सावकाश वाचता यायचं. काळ्या रेघेवर त्यानं अंगठा फिरवला. “ह्ये पुसता येतं का?”

“नाही. पक्की शाई आहे.”

“मंग आमाला कोरी द्या एक. त्यांनी खोडलेली नगं. आमच्या घरात तरी आक्काचं नाव असं नगं.”

मी न सोडलेला गठ्ठा सोडला आणि वरची प्रत काढून दिली. चुकीची. छबूनं ती त्याच्या हातातून घेतली, फोटोचं पान बरोबर शोधलं आणि माझ्यापुढं धरलं. तिला वाचता येत नाही. “बाई, तुमी त्या दिशी शाळेत हुता,” ती म्हणाली. “हितं माझं काय लिव्हलंय ते वाचून दावा.”

‘नवऱ्यानं निर्णय घेतला’ हे छापलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. अंबादास माझ्याकडे बघत होता, त्याची नजर सांगत होती की आहे तसंच वाचा. मी मोठ्यानं वाचलं, “डॉक्टर म्हणाले, काढून टाक. माझा नवरा नको म्हणाला. दोन दिवस आम्ही भांडलो. मग मी माझ्या बहिणीला फोन केला. ती शिकलेली आहे. ती काढून टाक म्हणाली, म्हणून मी काढली.”

छबूनं पुस्तिका मिटली आणि पदराखाली घेतली.

“व्हय,” ती म्हणाली. “आसंच झालं हुतं.”

मग दोघं उठली, कारण चारच्या एसटीनं निघालं नाही तर दुसऱ्या दिवशीचा खाडा पडला असता.